काळूरामचं दुसरं वादळ

नीराबाईने नारळ कानाशी धरून हलवला. आत पाणी नव्हतं. तिने तो पुन्हा हलवला, पहिल्या वेळी नारळ झोपेत असला तर, म्हणून, आणि मग उंबऱ्यावर ठेवला.

"खडखडीत हाय," ती म्हणाली.

"दर्याला काय कळतंय?" बाहेर उभी असलेली गोदू म्हणाली.

गोदू म्हणजे धर्मा नाखव्याची बायको. काशीदच्या खाली समुद्राला चिकटून बसलेल्या त्या कोळीवाड्यात मोठ्या होड्या सहा होत्या, त्यातल्या चार नाखव्याच्या. उरलेल्या दोन होड्यांच्या मालकांची मतंही नाखव्याचीच होती, त्यामुळे मच्छीमार सोसायटीचा चेअरमन कोण, हा प्रश्न गावात कधी उपस्थित झाला नव्हता. अशा घरची बाई नीराबाईच्या दारात स्वतः नारळ घेऊन आली होती. मात्र तिने तो हातात दिला नव्हता. उंबऱ्यावर वीतभर उंचीवरून सोडला होता. वादळाचं नाव असलेल्या घरातल्या बाईच्या हाताला हात लागू नये, अशी गावाची रीत होती, आणि गोदू रीतीला धरून चालणारी होती.

त्या रीतीत न समजण्यासारखं काही नव्हतं. वादळाने गावातलं माणूस नेलं की त्या वादळाला नाव द्यायचं. नाव मेलेल्याचं नव्हे. ज्याच्या शब्दावरून होडी पाण्यात गेली त्याचं. पुढच्या नारळी पौर्णिमेला दर्याचा नारळ सोडून झाला की दुसरा नारळ वादळाचा. मागच्या वादळाचं नाव ज्या घरावर असेल, त्या घरच्या बाईने कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तो सोडायचा आणि नव्या वादळाचं नाव घ्यायचं. पाण्यातल्या बाईच्या तोंडून निघेल ते नाव कायम. ते परत घेता येत नाही. त्या क्षणी जुनं घर सुटतं आणि नवं घर अडकतं. नाव पुरुषाचं असलं तरी ते सोसायचं घरच्या बायकांनी. बंदरावर मासळी घ्यायला सगळ्यांच्या मागे राहायचं, आपली पाटी दुसरीच्या पाटीला लागू द्यायची नाही, आणि आपली मुलगी कोणी करून घेत नाही म्हणून कोणाला बोल लावायचा नाही.

आकाशवाणीवर वादळांना नावं नसत. तिथे नुसती दिशा आणि ताशी मैल. शहरातल्या लोकांना वादळ कोणावर ढकलायचं हा प्रश्न पडत नसावा.

अठ्ठेचाळीस सालच्या वादळाला नाव पडलं ते काळूरामचं. काळूराम नीराबाईचा नवरा. तो होडीचा तांडेल होता, म्हणजे सुकाणू त्याच्या हातात होतं. शब्द त्याचा नव्हता. त्या पहाटे दारात येऊन "काळ्या, ऊठ" असं कोण खोकत खोकत म्हणालं, हे नीराबाईने अंथरुणातून ऐकलं होतं. तो खोकला धर्माच्या बापाचा होता. पण पाण्यात उभी राहिलेली मनुबाई, जिच्या घरावर त्याआधीच्या वादळाचं नाव होतं, ती म्हणाली, "काळूरामचं." मेलेला माणूस उलट बोलत नाही. दुसऱ्या दिवशी बंदरावर नीराबाईने सवयीने मनुबाईच्या शेजारी पाटी ठेवली, तर मनुबाईने आपली पाटी झटकन बाजूला ओढली. आदल्या दिवसापर्यंत सगळ्यांच्या मागे उभी राहणारी मनुबाई! पुढे ती मेली, तिचं दिवसपाणी झालं, पण तो पाटीचा वाळूवर घासल्याचा आवाज आठवला की नीराबाईच्या तोंडाला पाणी सुटायचं, ओकारीआधी सुटतं तसं.

त्यानंतर तेरा वर्षं, यंदाच्या वैशाखातल्या वादळापर्यंत, दर्याने गावातलं एकही माणूस नेलं नाही. सगळं गाव दर्याचे उपकार मानत होतं, एक घर सोडून.

"बसू काय गं जरा?" गोदूने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता उंबऱ्याच्या बाहेरच्या कडेवर टेकली. तिच्या हातभर हिरव्या बांगड्या वाजल्या. "नलू, पाणी दे गो."

नलू ही नीराबाईची मुलगी. सतरा संपत आली होती. ती कोपऱ्यात सुका जवळा पाखडत होती. तिने हात थांबवून आईकडे पाहिलं. या घरचं पाणी तेरा वर्षांत कोणी मागितलं नव्हतं. नीराबाईने मान हलवली. नलूने तांब्या घासून, विसळून, परत विसळून आणला. गोदूने डोळे मिटले आणि ती पाणी प्यायली, एरंडेल प्यावं तसं, एका दमात.

आणि त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघताना नीराबाईला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने तोंड फिरवलं.

"नाखव्यांनी सांगितलंय," गोदू पदराने तोंड पुसत म्हणाली, "तू काळूभावजींचंच नाव पुन्हा घे. हरिहरेश्वराकडचं तुज्या नलूचं स्थळ अडलंय ना, ते सोता जाऊन बोलतील. नाखव्यांचा शब्द कोण मोडतंय?"

"आणि न्हाय घेतलं तर?"

गोदूने बांगड्या मागे सारल्या. "चार होड्यांची मासळी तुज्या पाटीत पडायची न्हाय. असं ते बोलले. मी न्हाय बोलत." ती उठली. दोन पावलं जाऊन मागे वळली. "तेरा वर्सं काढलीस गो बाय. तुला सवय तरी हाय."

ही सवयीची गोष्ट गोदूची स्वतःची नव्हती. आदल्या दिवशी सोसायटीच्या पडवीत त्यावर रीतसर ठराव झाला होता.

वैशाखातल्या वादळाने चार माणसं नेली होती. नाखव्याच्या होडीवरचा तांडेल रघू चौथ्या दिवशी काशीदच्या वाळूवर मिळाला. तो रघूच, हे कमरेच्या करगोट्यावरून ठरवावं लागलं. होडी का गेली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या सकाळी अलिबागहून मासळीसाठी बर्फाचा ट्रक आला होता आणि बर्फ पाघळत होता. सोसायटीच्या रेडिओवर वादळाची सूचना लागली तेव्हा नीराबाई मागच्या अंगाला काठ्यांवर बोंबील टाकत होती. "मुंबईच्या बातम्या मुंबईला," असं म्हणून नाखव्याने रेडिओचा कान पिळला होता, आणि वर "बॅटरी फुकट जाते" असंही म्हणाला होता. पडवीत तेव्हा दहाबारा माणसं होती. त्याच दहाबारा माणसांनी काल सभा भरवली.

सोसायटीचा सेक्रेटरी मुरुडला मॅट्रिक झालेला असल्यामुळे सुरुवात त्याने केली. अठ्ठेचाळीसचा वारा आणि यंदाचा वारा यांची दिशा एकच होती, असं त्याने सांगितलं. सबब हे नवं वादळ नसून तेच वादळ परत आलं असं म्हणण्यास प्रत्यवाय नाही. 'प्रत्यवाय' हा शब्द ऐकून दोनतीन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

"एक घर नासलंय ते नासलंय," धर्मा नाखवा म्हणाला. "त्यात दुसरं कशाला नासवा?"

"चांगलं बोलले," कोणीतरी म्हणालं.

"पण काळूराम तर मेला," मागून एक आवाज आला. "मेलेला माणूस तेरा वर्सांनी होडी कशी धाडील?"

"मेलेल्याला येळ मोकळा असतो," नाखवा म्हणाला, आणि पडवी हसली. हसू मोठं होतं. चार घरांत अजून सुतकी चेहरे होते, त्यांतले दोन पुरुषही हसले. हसून झाल्यावर ठराव झालेलाच होता. सेक्रेटरीने वहीत लिहिलं: 'वादळ काळूराम (दुसरे)'. कंसातला मजकूर त्याने मुरुडच्या अक्षरात, जरा तिरपा काढला.

नीराबाई पायरीखाली बसून हे ऐकत होती. समोरच्या खांबावर नाखव्याच्या पानाची पिंक ओघळून वाळली होती आणि तिच्यावरून मुंग्यांची रांग चालली होती. सभा संपेपर्यंत ती मुंग्याच बघत राहिली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, केसर आली. रघूची बायको, विशीतली. कडेवर सहा महिन्यांचं पोर. ती उंबऱ्याबाहेर थांबली नाही, सरळ आत आली आणि नीराबाईचे पायच धरले.

"आते, तू काळूमामांचंच घे. तू न्हाय घेतलंस तर रघूचं घ्यायला लावनार हायत. तांडेल त्योच होता बोलतात."

"कोण बोलतात?"

"सगळेच."

"ऊठ आधी. पोराचं डोकं आपटंल." नीराबाईने पोर आपल्याकडे घेतलं. पोराला शिळ्या दुधाचा वास येत होता. "रघू बोललेला, जातो म्हनून?"

"न्हाय गो! वारा बघून परत आला होता घरी. पेजेला बसला. मंग नाखवा दारात आले. बरफ पाघळतंय बोलले. पेज अर्धी ठेवून गेला."

"हे कोणाला सांगितलंस?"

केसरने नाक ओढलं. "कोणाला सांगू? ज्याला सांगाया जावं, त्याला आधीच ठावं हाय."

नीराबाई पोराच्या पाठीवर थोपटत राहिली. केसरचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गावाला ठाऊक नसतं तर ते सांगता आलं असतं.

केसर गेल्यावर नलूने चुलीत लाकूड सारलं आणि पाठमोरीच म्हणाली, "आये, बाबांचंच नाव घे. मला न्हाय जायचं हरिहरेश्वराला. खारवड लागतंय तिथलं पाणी."

"तू कधी प्यायलीस?"

"ऐकलंय."

नीराबाईने माळ्यावर हात घालून एक पाटी खाली काढली. नवी, एकदाही मासळी न लागलेली, कडेला लाल पट्टा विणलेली. अठ्ठेचाळीसच्या पुढच्याच वर्षी तिने ती मुरुडच्या बाजारात घेतली होती, नाव सुटेल त्या दिवशी पुढच्या रांगेत घेऊन उभं राहायला. वैशाखात वारा फिरला, बायका बंदरावर छाती पिटत होत्या आणि चौथी होडी येत नव्हती, तेव्हा नीराबाई त्यांच्यात उभी होती. थोडा वेळ उभी राहून ती घरी आली होती, आणि तिने ही पाटी माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती. रघूचं मढं तेव्हा अजून पाण्यातच होतं. हे कोणाला ठाऊक नव्हतं. नलूलासुद्धा नाही.

तिने पाटीवर हात फिरवला आणि तोच हात लुगड्याला पुसला.

पौर्णिमेला गाव बंदरावर लोटलं. होड्यांना पताका लागल्या होत्या, नव्या रंगाचा वास मासळीच्या वासावर तरंगत होता. दर्याचा नारळ वाजतगाजत सुटला. त्याला सोनेरी कागद होता, आणि त्यात पाणीही होतं. मग वाजंत्री थांबली. नीराबाई खडखडीत नारळ घेऊन पाण्यात शिरली.

पाणी कमरेला लागलं तेव्हा ती वळली. गाव समोर होतं, म्हणजे तेरा वर्षांनी एकदाचं सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. नाखवा आपल्या सगळ्यात मोठ्या होडीच्या नाळेवर, पुढच्या उंच टोकावर, उभा राहून काडीने दात कोरत होता. सेक्रेटरीने वही बरोबर आणली होती. नाव आधीच लिहिलेलं असल्यामुळे त्याला घाई नव्हती. केसर पोराला छातीशी धरून उभी होती, आणि तिच्याभोवती आत्तापासूनच जराशी मोकळी जागा होती. फार नाही. वीतभर. गाव तयारीत होतं.

नीराबाईने नारळ सोडला. पाण्याविना हलका झालेला नारळ लाटेवर चढला, आणि पुढे जायचं सोडून तिच्याभोवतीच फिरू लागला.

"घे नाव," नाखव्याने वरून सांगितलं.

"धर्माचं," ती म्हणाली. "धर्मा नाखव्याचं."

आवाज मोठा नव्हता. पण पाण्यावरून आवाज लांब जातो.

नाखवा हसला. काडी त्याच्या दातांतच राहिली. "काय बोललीस? परत बोल."

"एकदाच बोलतात, नाखवा."

पुढे काय होईल, हे नीराबाईने रात्रभर मनाशी घोळवलं होतं. दगड पडतील, शिव्या पडतील, तिला पाण्यातच दाबतील. त्यातलं काहीच झालं नाही. जे झालं त्याची तिने तयारी केली नव्हती. होडीवर नाखव्याच्या उजव्या हाताला उभा असलेला माणूस एक पाऊल बाजूला झाला. मग डाव्या हाताचा. मग खाली, किनाऱ्यावर, गोदूच्या दोन्ही बाजूंच्या बायकांनी आपापले पदर आवरून घेतले. एक लाट येऊन परतायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आटोपलं. सेक्रेटरीने खिशातून पेन काढलं, वहीतलं नाव खोडलं आणि वर नवं लिहिलं. कंसातलं 'दुसरे' खोडायचं मात्र तो विसरला.

दुपारपर्यंत सहा माणसं तिच्या दारात येऊन गेली. "आमी ठरावाच्या येळीच बोलनार होतो," असं त्यांतल्या चौघांनी सांगितलं. मेलेल्याला मोकळा वेळ असतो यावर सगळ्यात मोठ्याने हसलेला माणूस तर ओलं खोबरं घेऊन आला, आणि त्याने ते नलूच्या हातात दिलं. अगदी हाताला हात लावून. नीराबाईने ते खोबरं कोंबड्यांना टाकलं. कोंबड्यांनी खाल्लं.

धर्मा नाखवा संध्याकाळच्या गाडीने अलिबागला गेला. तिथे त्याचं काम निघालं होतं. नाव त्याचं होतं, पण रांग काही त्याची नव्हती.

तिसऱ्या दिवशी हंगामाची पहिली मासळी आली. नीराबाई लाल पट्ट्याची पाटी घेऊन बंदरावर गेली. वाळूवर बायकांची रांग लागली होती, आणि पाय सवयीने तिला रांगेच्या शेवटी घेऊन गेले.

"अगो नीराबाय, तिथं काय उभी?" ठमी ओरडली. ही ठमी तेरा वर्षं नीराबाई मागे दिसली की वाळूवर थुंकत असे. "पुढं ये गो! काय नवी पाटी काय, लाल पट्टा काय! पोरीचं लगीन काढलंस म्हन की." ती येऊन नीराबाईचा दंड धरून ओढू लागली. हाताच्या घामाचा तो चिकट स्पर्श. खपली काढलेल्या जखमेवर माशी बसावी तशी नीराबाईने कातडी थरथरवली.

"हितं बरी हाय," ती म्हणाली.

"ऱ्हा बाय. मान हाय आता तुजा, कुठंबी ऱ्हा." ठमी हसत पुढे गेली. जाताजाता ती वाळूवर थुंकली, पण ती आता दुसरीकडे.

कारण गोदू येत होती.

एवढी वर्षं गोदू बंदरावर यायची ती लिलावाच्या लाकडी बाकावर बसायला. डोक्यावर पाटी घेऊन चालायची तिला सवय नव्हती. पाटी एका बाजूला कलली होती आणि ती एका हाताने धरून चालताना बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. सगळ्या बायका समुद्राकडे बघू लागल्या. गोदू रांगेच्या शेवटी आली आणि थांबली. किती मागे थांबायचं, वीतभर की हातभर, हे तिला माहीत नव्हतं. ते गावात आता एकाच बाईला माहीत होतं.

"नीराबाय," ती हळू आवाजात म्हणाली. "हितं ठेवू काय गो पाटी?"

ठेव, असं नीराबाई म्हणणारच होती. शब्द जिभेवर होता. ही बाई आपल्या घरचं पाणी प्यायलीय, डोळे मिटून का होईना, हेही तिला आठवलं. गोदूने वाकून पाटी खाली टेकवली.

वाळूवर काहीतरी घासल्याचा आवाज झाला.

नीराबाईने खाली पाहिलं. लाल पट्ट्याची पाटी वीतभर बाजूला सरकली होती. तिच्या काठावर एक हात होता, घट्ट धरलेला. त्या हातात बांगड्या नव्हत्या.